पेवाच्या तोंडावरची हाक

हरिपुरात जोतीरामला आडनावानं कुणी ओळखत नसे. पेवातला जोतीराम म्हटलं की शेंबडं पोरही घर दाखवी. हळदीची पेवं म्हणजे जमिनीत पंधरा-वीस हात खोल खणलेली कोठारं. वर माणूस जेमतेम शिरेल एवढं तोंड आणि आत खोलीएवढं पोट. सांगलीच्या पेठेतल्या व्यापाऱ्यांची हळद त्यांत वर्षानुवर्षं कीड न लागता पडून राहायची. ती भरायला आणि काढायला आत उतरणारी माणसं ठरलेली असत. जोतीराम अठराव्या वर्षी उतरला तो पन्नाशीला येईपर्यंत उतरत राहिला. अंगानं सडपातळ, बोलायला कमी. त्याला भीती वाटत नाही असं गाव म्हणायचं, पण ते खरं नव्हतं. भीती त्यालाही वाटायची. तो फक्त रिवाज सोडत नसे.

रिवाज असा होता. तोंडावरची फरशी काढली की लगेच कुणी उतरायचं नाही. सकाळी उघडलेलं पेव दुपारपर्यंत तसंच उघडं ठेवायचं, आत कोंडलेली वाफ निघून जाऊ द्यायची. मग दोरीला बांधून पेटता कंदील खाली सोडायचा. कंदील विझला तर हवा वाईट, त्या दिवशी काम बंद. तो जळत राहिला तरच माणूस उतरायचा, तोही कमरेला दोर बांधून. आणि वर तोंडाशी एकजण बसायचा. त्याचं काम एकच, थोड्या थोड्या वेळानं आतल्याचं नाव घेऊन हाक मारायची.

"जोतीराम!"

आतून घुमत उत्तर यायचं, "व्हय!"

ओ आली नाही तर दुसरी हाक मारायची नाही. काय झालं म्हणून विचारायचं नाही. सरळ दोर ओढायचा. मुकादम नानासो सगळ्यांना बजावून ठेवायचा, "आतला चेष्टा करत असंल तरी वडायचं. पाठ सोलटली तर सोलटू दे, पुन्यांदा चेष्टा करणार न्हाई." जोतीरामला एकदा खरोखर असं ओढून काढलं होतं. तो हातात हळदीची पाटी घेऊन उभा होता आणि पुढच्या क्षणाला उन्हात उताणा पडलेला होता. मधलं त्याला काही आठवत नव्हतं. आठवत होतं एवढंच, की आपल्याला कुणीतरी हाक मारली आणि ती फार लांबून आली.

त्याची बायको आक्काताई आष्ट्याची. लग्न होऊन आली आणि महिन्याभरात हळद निवडायला बायकांच्या रांगेत बसू लागली. नवऱ्याचं नाव तिनं कधी तोंडातून काढलं नाही. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, शाळेत कुणी विचारलं की ती लेकीला कोपरानं ढोसायची, "सांग गं तुज्या बाचं नाव." लग्नात उखाणा घ्यायला लावला तेव्हा तिनं बाकीचं सगळं म्हटलं आणि नावाच्या ठिकाणी नुसते ओठ हलवले, असं तिची नणंद शपथेवर सांगायची.

एकदा गंमत झाली. जोतीराम पेवात होता आणि नानासोला कुणी व्यापारी बोलवायला आला. जवळ आक्काताईच होती. "बस जरा हितं," नानासो म्हणाला, "हाक मारत ऱ्हा. आलोच मी." ती बसली. आत जोतीराम पाट्या भरत होता. बराच वेळ हाक आली नाही तसा तोच घाबरला. वर काय झालं असेल? शेवटी वरून दबक्या आवाजात आलं,

"आवं! आवं, हाईसा न्हवं?"

"व्हय!"

वरच्या बायका हसून हसून पडल्या. पाट्या ओढायला उभा असलेला त्याचा जोडीदार गुंडा म्हणाला, "वयनी, आत धा जण असते म्हंजे? तुमच्या 'आवं'ला धाच्या धा जणांनी ओ दिली असती."

"देऊ द्या की," आक्काताई म्हणाली. "मला ह्यांची कळली असती."

पुढं दोन हजार पाचचा महापूर आला आणि कितीतरी पेवांत पाणी शिरलं. राहिलेल्यांना एकोणीसच्या पुरानं गाठलं. तोवर जोतीराम दोन म्हशी सांभाळून दूध घालू लागला होता. लेक समीक्षा साताऱ्याला शाळेत शिकवत होती आणि जावई विश्वजीत एसटीच्या वर्कशॉपात होता. दोघं म्हातारा-म्हातारी घरात, दोन म्हशी गोठ्यात. दिवस बरे चालले होते.

दुखणं साताऱ्यात उघडं पडलं. आक्काताई चार दिवस लेकीकडं गेली होती. सकाळी पीठ मळून झालं आणि ती ओट्यापाशी नुसतीच उभी राहिली. "समे, ते दे गं."

"काय देऊ?"

"ते गं. ते हे. काळं असतंय. गोल."

समीक्षा हसली. "आई, तवा म्हण की सरळ."

"त्येच की," आक्काताई म्हणाली, पण तवा हा शब्द तिनं पुन्हा उच्चारून पाहिला नाही. त्या दिवशी चहाला ती भांडं म्हणाली आणि विश्वजीतला भलत्याच नावानं हाक मारली. सगळ्यांनी वयावर घातलं. तिसऱ्या दिवशी बशी हातातून गळाली, उजवा हात आपोआप झटके देऊ लागला आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. साताऱ्यातच एमआरआय झाला. विश्वजीतनं फोन केला तेव्हा जोतीराम म्हशीची धार काढत होता. "मामा, घाबरू नका," एवढं म्हणून जावई पुढं बोलेना, तेव्हाच तो घाबरला.

सांगलीकडच्या एका मोठ्या दवाखान्यात मेंदूचे डॉक्टर होते. डॉक्टर शौनक, वय असेल चाळीसच्या आसपास. त्यांनी फिल्मा पाहिल्या, आणखी एकदा फोटो काढायला सांगितले आणि दोन दिवसांनी जोतीरामला आणि समीक्षाला आत बोलावलं. भिंतीवर मोठा पडदा होता. त्यावर एक डोकं दिसत होतं. केस नसलेलं, डोळे मिटलेलं. नाकाची ठेवण जोतीरामनं ओळखली. ते आक्काताईचं डोकं होतं.

"काका, हे सगळे फोटो एकावर एक रचून कॉम्प्युटरनं तयार केलेलं चित्र आहे," डॉक्टर म्हणाले. "कुठल्याही बाजूनं फिरवता येतं. बघा."

त्यांनी बोट हलवलं तसं डोकं वळलं. मग कातडी निघून गेली, मग कवटी. आत राखाडी वळ्यावळ्यांचा मेंदू. त्यावर लाल-निळ्या शिरा. मेंदूही पुसट झाला, काचेसारखा, आणि आत हिरव्या धाग्यांचा एक जुडगा दिसू लागला, कमानीसारखा वळलेला. त्या कमानीला टेकून पिवळी गाठ होती. लिंबाएवढी.

"हीच व्हय?" जोतीरामनं विचारलं.

"हीच."

"अशी पिवळी असती?"

"नाही. रंग आम्ही दिलाय, नीट दिसावी म्हणून. हे हिरवे धागे म्हणजे बोलण्याची वाट. मनातला शब्द तोंडापर्यंत ह्या वाटेनं येतो. गाठ त्याला चिकटून आहे, म्हणून मावशींना शब्द सापडत नाहीत."

जोतीराम उठून पडद्याजवळ गेला. त्यानं डॉक्टरांना डोकं परत फिरवायला लावलं. वरून दाखवा म्हणाला, मग खालून. समीक्षाला लाज वाटली. "आबा, बसा की." पण डॉक्टर हसून फिरवत राहिले.

"तोंड कुठं पाडणार?" त्यानं विचारलं.

"म्हणजे?"

"आत जायला तोंड. आमी पेवात उतरायचो, हळदीच्या. वरनं तोंड बारीक आन् आत प्वाट मोठं. तोंड चुकलं की समदं चुकलं."

डॉक्टरांनी त्याच्याकडं नीट बघितलं. मग कवटीवर एक गोल काढून दाखवला. सर्वांत जवळची वाट घ्यायची नाही, कारण त्या वाटेवर मोठी शीर आहे. थोडं मागून, दोन वळ्यांमधल्या घळीतून जायचं. हे सगळं आधी ह्या चित्रात दहादा करून बघायचं, मग एकदाच खरं.

"आमी आधी कंदील सोडायचो," जोतीराम म्हणाला.

"मग हा आमचा कंदील समजा."

"आन् वर एक माणूस हाका मारायला बसवायचो."

डॉक्टर खुर्चीत पुढं सरकले. "तेही करणार आहोत, काका. मावशींना आम्ही मधे जागं करणार. डोकं बधिर केलेलं असेल, दुखणार नाही. त्या बोलत राहतील, आम्ही काम करत राहू. बोलणं अडखळलं की त्या जागेला हात लावायचा नाही. जिथं पुनःपुन्हा अडखळलं, तिथं थांबायचं."

जोतीरामनं मान हलवली. बाकीच्यांना ज्या गोष्टीनं घाम फुटला असता, तिच्यानं त्याला धीर आला. ही पद्धत त्याच्या ओळखीची होती.

पुण्याहून आलेली ऋचा नावाची एक मुलगी त्या दवाखान्यात वाचा-उपचाराचं काम बघायची. तिनं आक्काताईला चित्रं दाखवायला सुरुवात केली. विमान, सफरचंद, असली. आक्काताई अडखळायची आणि अडखळण्याचं कारण गाठ की परकेपणा, हे ऋचाला कळेना. "काका, मला ह्यांच्या घरातल्या वस्तूंचे फोटो आणून द्या," ती म्हणाली. "रोज हातात असलेल्या. नाव झटकन यायला हवं."

समीक्षानं एक अख्खी दुपार हरिपूरच्या घरात मोबाईलवर फोटो काढले आणि जोतीराम वस्तू धरून उभा राहिला. परात, सूप, विळी, कळशी, कोयता, हळकुंड, कंदील, तवा. म्हशीचाही काढला. आक्काताईनं हे सगळं दोनदा म्हणून दाखवलं. अडलं ते काढून टाकलं. म्हशीला मात्र ती म्हणाली, "म्हस हाय, पर आमची न्हवं. आमची लय देखणी हाय."

"मावशी, तुमचीच आहे!"

"मग फोटू काढणाऱ्याला हात न्हाईत." आणि समीक्षाकडं बघून हसली. त्या दिवशी सगळे हसले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी जोतीरामनं नर्सला विचारलं, "मला आत बसू देतील का? कोपऱ्यात. मी हाक मारीन." नर्स म्हणाली, आबा, असं नाही चालत. तो बाहेर येऊन बाकावर बसला. बऱ्याच वेळानं समीक्षाला म्हणाला, "तेवढा माझा एक फोटू घाल त्या फोटूंत."

"कशाला?"

"आत समदी परकी माणसं. तोंडं बांधल्याली. तिला कुणीतरी वळकीचं दिसंल."

समीक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं त्याला आवारातल्या करंजाखाली उभं केलं, टोपी सरळ केली आणि फोटो काढून ऋचाला पाठवला. ऋचानं उत्तर दिलं, छान, मध्ये दाखवते, त्यांना बरं वाटेल. तिघांच्याही मनात दुसरं काही आलं नाही.

सकाळी आक्काताईला आत नेलं तेव्हा तिच्या डोक्याचा गोटा केलेला होता आणि ती दोन्ही हातांनी चादर डोक्यावर ओढून घेत होती. "आवं, म्हशीला पेंड घाला," एवढंच म्हणाली.

पाच तास गेले. गुंडा मुद्दाम हरिपूरहून आला होता. तो म्हणाला, "जोत्या, वयनी आत बोलत असणार बघ. डॉक्टरांस्नी दम देत असणार." जोतीराम मनातल्या मनात हाका मोजत होता.

डॉक्टर बाहेर आले. ऑपरेशन झालं, मावशी शुद्धीवर आहेत, बोलतात, हात हलवतात. गाठीचा बहुतेक भाग निघाला. थोडा भाग बोलण्याच्या वाटेवर होता, तो ठेवावा लागला. समीक्षा तिथंच भिंतीला टेकून रडायला लागली. पाठोपाठ ऋचा आली. दमलेली पण खूश. "काका, फार धीराच्या आहेत हो त्या. परात, सूप, कळशी, सगळं सांगितलं. कंदिलाला तर म्हणाल्या, काच पुसाया झालीया. फक्त तुमच्या फोटोला अडल्या. तीनदा विचारलं मी, हे कोण? नाव काय? काही बोलेचनात. सर लगेच थांबले."

ती बोलत राहिली. समीक्षाचं रडणं थांबलं होतं. तिनं बापाकडं बघितलं आणि बापानं तिच्याकडं.

तिसऱ्या दिवशी आक्काताईला खोलीत आणलं. डोक्याला पट्टी होती. शब्द सावकाश पण नीट येत होते. खोलीत दुसरं कुणी नाही असं बघून जोतीरामनं विचारलं, "माझा फोटू दावला तवा गप का ऱ्हायलीस?"

तिनं मान त्याच्याकडं वळवली. "तुमीच दिला व्हता न्हवं फोटू?"

"व्हय."

"मला वाटलंच. बरं वाटलं बघून." मग म्हणाली, "सात-आठ गडीमाणसं हुबी. डोस्क्यावर पदर न्हाई. पदर काय, डोस्कंच उघडं टाकल्यालं. आन् ती पोरगी म्हणती नाव घ्या. कसं घेऊ?"

"नवरा हाय म्हणायचं की गं."

"ती नाव इचारत व्हती." आक्काताई म्हणाली. "मला वाटलं, न्हाई बोलले की पोरगी दुसरा फोटू काढंल. मग मी गप बसले."

जोतीरामनं तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ धरून ठेवला. तिनं विचारलं, "का वं? चुकलं का काय माझं?" तो म्हणाला, "न्हाई. तुजं काय चुकंल?"

टाके काढायला गेले तेव्हा डॉक्टरांनी नवं चित्र पडद्यावर लावलं. तेच डोकं, तीच हिरवी कमान. लिंबाच्या जागी पोकळी आणि कमानीच्या कडेला पिवळा एक बारीक पट्टा. जोतीराम उभाच राहिला. त्यानं सगळं सांगितलं. की ती नाव घेत नाही, कधीच घेतलं नाही, की फोटो त्यानं घालायला लावला. ऋचा तिथंच होती. तिचा चेहरा उतरला. "मी आधी म्हणवून घ्यायला हवं होतं," ती म्हणाली, "सराव न झालेलं काही दाखवायचंच नसतं."

डॉक्टरांनी खुर्ची पडद्याकडं वळवली. मग त्यांनी ऑपरेशनच्या आधीचं चित्र शेजारी लावलं. त्यात त्यांनीच आखलेली एक पांढरी रेघ होती. "काका, मी आधीच ठरवलं होतं, इथपर्यंतच जायचं. रेघेच्या पलीकडं धागेच आहेत. आणि तुमच्या फोटोनंतर आम्ही तवा दाखवला. तो सांगायलाही त्यांना वेळ लागला."

"किती?"

ऋचा म्हणाली, "चार सेकंद."

जोतीराम दोन्ही चित्रांच्या मधे उभा राहिला. आयुष्यभर अंधारात हातानं अंतरं मोजलेला माणूस तो. रेघ जिथं होती आणि पिवळं जिथं थांबलं होतं, त्यांत फरक होता. त्यानं बोटाचं नख लावून बघितलं.

"हे एवढं रेघेच्या अलीकडं हाय. काढायचं ऱ्हायलं."

"तांदळाच्या दाण्याएवढं," डॉक्टर म्हणाले. त्यांनी नाही म्हटलं नाही. "खरं सांगू? असल्या गाठीची मुळं आम्हाला न दिसणारी असतात. हे चित्रही ती दाखवत नाही. तो दाणा काढला असता तरी ती राहिलीच असती."

"कंदील हवा सांगतोय," जोतीराम म्हणाला, "तळ सांगत न्हाई."

"हो. तसंच."

डॉक्टरांचं म्हणणं त्याला पटलं. तरी तो दाणा त्याच्या डोळ्यांपुढून गेला नाही. भात वाढून घेतला की त्यातला एक दाणा तो ताटाच्या कडेला सारायचा आणि बघत बसायचा. लाजून गप बसलेल्या बाईला पुन्हा बोलतं व्हायला चार सेकंद लागतात की नाही? गाठीमुळं अडलेलीला लागतात ते चार सेकंद वेगळे दिसतात का? हे कुणाला विचारावं हेच त्याला कळायचं नाही. आक्काताईला त्यानं ते कधी सांगितलं नाही. समीक्षालाही बजावलं, "तिला कळता कामा नये."

रेडिएशनचा शेक झाला, गोळ्या झाल्या, आणि मग एक वर्ष आणि वर दोन महिने असे मिळाले की त्यांत आक्काताई चुलीपुढं बसली, म्हशीला शिव्या दिल्या, शिराळ्याला भाचीकडं नागपंचमी करून आली. केस पुन्हा उगवले ते आखूड आणि पांढरेशुभ्र. गुंडा म्हणायचा, "वयनी, आता शाळंत नाव घाला." एका संध्याकाळी जोतीराम तिला म्हणाला, "एकदा घे की नाव. हितं कोण हाय ऐकाया?"

"येडं का खुळं तुमी?" ती म्हणाली. "नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी व्हतंय. माझी आय सांगायची."

"मग ऱ्हायलेल्या एवढ्या आयुष्याचं मी काय करू?"

"म्हशी राखा," ती म्हणाली आणि आत गेली.

पावसाळा संपता संपता ती पुन्हा गोल, काळं, ते हे, म्हणू लागली. पुन्हा फोटो, पुन्हा पडदा. ह्या खेपेला डॉक्टरांनी डोकं फारसं फिरवलं नाही. पिवळं हिरव्या धाग्यांवरून पसरत लांब गेलं होतं, वेल चढावा तसं. "आता तोंड पाडण्यात अर्थ नाही, काका," डॉक्टर म्हणाले. त्याचाच शब्द त्यांनी वापरला. जोतीरामनं हात जोडले आणि तिला घरी आणलं.

शब्द एकेक करून गेले. आधी वारांची नावं गेली, मग माणसांची, मग भांड्यांची. ती हातवारे करायची, चिडायची, रडायची. समीक्षा रजा काढून येऊन राहिली. दिवाळीनंतर आक्काताईच्या तोंडून नुसते आवाज येऊ लागले आणि मग तेही थांबले. आठ-दहा दिवस घरात तिचा आवाज नव्हता.

एक दिवस सकाळी समीक्षा तिला पाणी पाजायला गेली. आक्काताईनं पेल्याकडं बघितलं आणि स्पष्ट म्हणाली, "जोतीराम."

समीक्षाच्या हातातला पेला तसाच राहिला. जोतीराम दारात उभा होता. त्याला वाटलं, आपण ऐकलं ते खरं नाही. आक्काताईनं पुन्हा पेल्याकडं हात केला. "जोतीराम." तिला पाणी हवं होतं.

त्या दिवसापासून तिच्याजवळ तो एकच शब्द उरला. पाणी म्हणजे जोतीराम, उशी म्हणजे जोतीराम. लेकीला ती जोतीराम म्हणायची, गोठ्यातून म्हैस हंबरली तरी जोतीराम. समीक्षानं डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, असं होतं कधीकधी. सगळे शब्द गेले तरी एखादा मागं राहतो. तो कोणता, हे माणूस निवडत नाही. का तोच राहतो, ते आम्हालाही चित्रात दिसत नाही.

गुंडा भेटायला आला. त्यानं उंबऱ्यातूनच आवाज चढवून म्हटलं, "काय वयनी, आता कशी घेता नाव!" आक्काताईनं त्याच्याकडं बघून म्हटलं, "जोतीराम." गुंडा तिथंच दाराला धरून खाली बसला आणि त्यानं टोपीत तोंड घातलं.

जोतीराम मात्र प्रत्येक वेळी उत्तर द्यायचा. काय पाहिजे, असं तो विचारत नसे. ती म्हणायची, "जोतीराम," आणि तो म्हणायचा, "व्हय." गोठ्यात असला तरी तिथून ओरडून म्हणायचा. समीक्षा एकदा म्हणाली, "आबा, ती तुम्हाला हाक मारत नाहीय. तिला पाणी हवं असतं."

"पाणी तू दे," तो म्हणाला. "ओ मी देतो."

पुढं हाका कमी झाल्या. सकाळी चार-पाच, मग दोन. आवाज इतका बारीक झाला की ऐकायला त्याला पलंगाजवळच बसून राहावं लागे. त्यानं म्हशी गुंडाच्या दावणीला नेऊन बांधल्या आणि तो बसून राहिला.

एका दुपारी, ऊन उंबऱ्यातून आत आलेलं असताना, तिनं हाक मारली. तो म्हणाला, "व्हय." मग बराच वेळ काही आलं नाही. ऊन उंबरा सोडून मागं सरकलं. समीक्षा स्वयंपाकघरात होती. जोतीरामनं वाट बघितली. मग तो पुढं वाकला आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यानं, वर बसलेल्यानं मारावी तशी, हाक मारली.

"आक्काताई!"

ओ आली नाही. दुसरी हाक त्यानं मारली नाही. पलंगावरचे तिचे दोन्ही हात त्यानं आपल्या हातांत घेतले आणि आपल्याकडं ओढले. समीक्षा बाहेर आली तेव्हा तो तसाच पाय रोवून बसला होता, आणि ओढत होता.